न धुतलेली पाठ

ओवेन हॅडली हे नाव तुमच्या कानावरून गेलं नसेल, पण त्याचा चेहरा नक्की डोळ्यांखालून गेलाय. न्यूयॉर्कच्या नवव्या ॲव्हेन्यूवरच्या खानावळीत तो सकाळी अंडी-बटाटे खायला बसला, की समोरच्या टेबलावरचा कोणीतरी घास हातात धरून त्याच्याकडे बघत राहायचा आणि शेवटी न राहवून उठून यायचा.

"आपण कुठंतरी भेटलोय हो. माझ्या मेव्हण्याच्या गॅरेजमध्ये होता का तुम्ही?"

"नाही. मी दार ठोठावणारा पोलीस. टोपी काढून बाईला सांगतो, तुमचे यजमान आता येणार नाहीत."

"तरीच म्हटलं," असं म्हणून माणूस खूश व्हायचा, त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि नाव न विचारताच आपल्या अंड्यांकडे परत जायचा.

पोलीस, गुत्त्यावरचा माणूस, कोर्टातला कारकून, पाद्री, आणि केस पांढरे झाल्यावर प्रेत. प्रेताचं काम ओवेनला मनापासून आवडायचं. निदान त्यात दिग्दर्शक मधे मधे येऊन शहाणपणा शिकवत नाही, असं तो म्हणायचा. नाटकवाल्यांच्या त्या वस्तीत त्याच्यासारखे पैशाला पासरी होते आणि सगळ्यांकडेच आपल्याला मोठं होऊ न देणाऱ्या माणसाची एक गोष्ट असायची. लोक जांभया देत ऐकायचे. ओवेनची गोष्ट मात्र वेगळी होती, आणि दोन पेले पोटात गेल्याशिवाय ती बाहेर यायची नाही.

"भूमिका चोरली असती तर मी काही बोललो नसतो," तो म्हणायचा. "नील ऑल्कॉटनं माझा बाप चोरला."

नील ऑल्कॉट म्हणजे लहानसहान असामी नव्हे. त्याचा तो कोळशाच्या खाणीचा सिनेमा बघून अख्खा देश रडला होता.

ओवेनचं खरं नाव ओंद्रेय हुडाक. घरात ओंद्रो. पेन्सिल्व्हेनियात कोळशाच्या खाणीपाशी कंपनीनं बांधलेल्या लाकडी घरांची एक ओळ होती, तिथं स्लोव्हाक लोक दाटीवाटीनं राहायचे. मागं दगडी कोळशाच्या चुऱ्याचा डोंगर, तो आतून कायम धुमसत असायचा. बापाला तिथली पोरं तातो म्हणायची. ओंद्रोचा तातो संध्याकाळी घरी यायचा तो नुसते डोळे आणि दात होऊन. चुलीसमोर पत्र्याचा टब मांडलेला असायचा. बायको पाणी ओतायची, ओंद्रोची मोठी बहीण मिल्का पिवळा साबण घासायची. डोकं, मान, हात, छाती, सगळं धुवायचं. पाठ सोडून.

पाठ धुतली की कमजोर होते, असं तिथले खाणकरी मानायचे. वर एवढा मोठा डोंगर तोलायचा तो पाठीच्या जोरावर, तिचा जोर साबणानं उतरवायचा म्हणजे मरण ओढवून घेणं. ईस्टरलासुद्धा तातो पांढऱ्या सदऱ्याच्या आत काळी पाठ घेऊन चर्चमध्ये जायचा. आई म्हणायची, "चादरी कोण धुतं? तुझी पाठ?" तातो म्हणायचा, "चादर फाटली तर दुसरी मिळेल." पोरं हसायची. 

ओंद्रो नऊ वर्षांचा असताना खाणीचं छत बसलं आणि तातो गेला.

पुढं लढाई आली, ओंद्रो सैन्यात गेला, आणि तिथं सैनिकांच्या करमणुकीच्या एका नाटकात उभा राहिला तो परत घरी राहायला गेलाच नाही. आई अंथरुणाला खिळलेली. मिल्का शर्टांच्या कारखान्यात काज करायची आणि घर सांभाळायची. तिनं लग्न केलं नाही. ओंद्रो न्यूयॉर्कला नट व्हायला गेला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जा बाबा. घरात एक माणूस खाली उतरणारा होता, एक वर चढणारा असू दे." काम मिळवून देणाऱ्या एजंटानं त्याचं नाव ऐकून तोंड वाकडं केलं. हुडाक म्हणजे कोणी खोकलंय असं वाटतं, म्हणाला. असा ओंद्रोचा ओवेन हॅडली झाला.

अभिनय शिकायला तो मिसेस झेल्डिनकडे जायचा. अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर एका दुकानाच्या वर तिची खोली होती. तिथं खालच्या लोणच्याच्या काकड्यांचा वास यायचा. बाई अंगानं चिमूटभर, पण जीभ वस्ताऱ्यासारखी. तिची पद्धत अशी, की नटानं खोटं रडायचं नाही. आपल्याच आयुष्यातलं एखादं दुखणं सगळ्यांसमोर काढायचं आणि तिथं परत जायचं.

"दुःख आठवू नका, दुःख लाजाळू असतं," ती म्हणायची. "वस्तू आठवा. पाणी किती गरम होतं, भांड्याचा कुठला कान तुटका होता. मग ते आपल्या पायांनी चालत येईल."

आणि तिथला नियम एकच होता. या खोलीत निघेल ते या खोलीत राहील. ज्याचं त्याचं दुखणं ज्याचं त्यानं वापरायचं. दुसऱ्यानं त्याला हात लावायचा नाही.

त्याच खोलीत त्याला नील ऑल्कॉट भेटला. कनेटिकटच्या बँकवाल्याचा मुलगा, देखणा, हसरा, आणि आतून कोरडा ठणठणीत. "माझ्या आयुष्यात काही झालंच नाही रे," तो रडकुंडीला येऊन सांगायचा. "आमचा कुत्रासुद्धा म्हातारा होऊन मेला." दोघं एकाच खोलीत राहायचे, एकच बरा कोट आलटून पालटून घालायचे. नील ओवेनला माशाचे काटे सुरीनं कसे काढायचे ते शिकवायचा आणि ओवेन त्याला हालुश्की करून घालायचा. तळलेला कोबी आणि पिठाचे तुकडे, दुसरं काय. नील ताट पुसून खायचा आणि म्हणायचा, "लेका, तू माझा भाऊ आहेस." ओवेननं ते खरं मानलं.

एका हिवाळ्यात मिसेस झेल्डिननं ओवेनला उभं केलं. टब नव्हता, पाणी नव्हतं, साबण नव्हता. नुसती रिकामी जमीन आणि एक खुर्ची. ओवेन गुडघ्यांवर बसला. तातोला आणलंय, आई शुद्धीवर नाही, मिल्का चुलीवरून पाणी आणून देते आहे, आणि नऊ वर्षांचा आपण बापाला धुतोय. त्यानं बोटांनी बापाचं कपाळ पुसलं. कानामागं पुसलं. एकेक बोट हातात घेऊन नखातला कोळसा काढला. खोलीतल्या लोकांना पिवळ्या साबणाचा वास यायला लागला, असं पुढं कितीतरी जणांनी शपथेवर सांगितलं. मग त्याचा हात बापाच्या खांद्यावरून मागं गेला, पाठीपाशी आला आणि थांबला. त्यानं फडकं पिळलं, घडी घातली आणि खाली ठेवलं.

पहिल्या रांगेत बसलेला नील हुंदके देऊन रडत होता.

मिसेस झेल्डिन मात्र चष्मा पुशीत बसली. सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "मेलेला माणूस टबात बसतो का रे?"

ओवेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा बाप होता तो, बाई. मी होतो तिथं."

"बरं," ती म्हणाली, आणि तो विषय तिनं पुन्हा काढला नाही.

त्या फडक्यानं ओवेनचं नशीब उघडलं. ब्रॉडवेवरच्या एका नाटकात त्याला धाकट्या भावाचं काम मिळालं. तिसऱ्या अंकात त्याला थोरल्याच्या मृत्यूची बातमी कळायची. रोज प्रवेशाआधी तो विंगेत तोंड भिंतीकडे करून उभा राहायचा आणि टबापाशी जायचा. कपाळ, कान, बोटं, पाठ. मग रंगमंचावर जायचा, एक अक्षर न बोलता टेबलावरच्या रुमालाची घडी घालायचा, आणि प्रेक्षागृहात नाकं ओढल्याचे आवाज यायचे. वर्तमानपत्रांनी त्या रुमालाबद्दल लिहिलं. विंगेतली माणसं त्या वेळी त्याच्या आजूबाजूनं चवड्यांवर चालायची. देवळात पूजा चालू असावी तशी.

नाटक पाहायला मिल्का आली नाही. आईला कोणावर टाकून यायचं? तो नाटकात काय आठवतो हे त्यानंही तिला कधी सांगितलं नाही.

नील तोवर कॅलिफोर्नियाला गेला होता आणि दोन-तीन सिनेमांत घोड्यावर बसून दिसला होता. एक दिवस त्याचा फोन आला. खाणीवरचा सिनेमा मिळालाय, मुख्य काम. "ओवेन, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तूच सांग." ओवेन तासभर सांगत राहिला. दिवा टोपीला कसा अडकवतात, वाकून चालणारा माणूस घरातही कसा वाकूनच चालतो, पाठ का धुवायची नाही. मित्राचं भलं होतंय याचा त्याला आनंदच झाला होता. शेवटी नील म्हणाला, "यात एक भाऊ आहे. तुझंच काम आहे ते. मी शब्द टाकतो."

ओवेन कॅलिफोर्नियाच्या फोनची वाट बघत राहिला. भावाचं काम दुसऱ्याच कोणीतरी केलं. चालायचंच, या धंद्यात शब्द टाकणारे पुष्कळ आणि झेलणारा कोणी नसतो, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली.

सिनेमा लागला तेव्हा तो दुपारच्या खेळाला एकटाच जाऊन बसला. मुद्दाम बरा कोट घालून गेला होता. मित्राचा सिनेमा ना. अर्ध्यावर छत कोसळलं, बापाला घरी आणलं, चुलीसमोर पत्र्याचा टब आला. नील गुडघ्यांवर बसला. त्यानं कपाळ पुसलं. कानामागं पुसलं. एकेक बोट हातात घेतलं. ओवेननं खुर्चीचे हात घट्ट धरले. नको, एवढं तरी नको, असं तो मनात म्हणत होता. पडद्यावर हात पाठीमागं गेला, थांबला. फडकं पिळून, घडी घालून नीलनं खाली ठेवलं.

शेजारची बाई रडत होती. तिनं ओवेनकडे पाहिलं आणि पर्समधला रुमाल पुढं केला. "काय कलाकार आहे नाही?" ती म्हणाली.

विश्वासानं मान द्यावी आणि त्यानं केसानं गळा कापावा, ते हे. नीलला त्या वर्षीचं मोठं बक्षीस मिळालं. एका मुलाखतीत त्याला विचारलं, पाठीपाशी हात थांबतो ते सुचलं कसं? तो म्हणाला, "सेटवर अचानक आतून आलं." आयत्या बिळावरचा नागोबा, आणि म्हणे बीळ आतून आलं.

पण खरं नुकसान त्या आठवड्यात विंगेत झालं. नेहमीसारखा ओवेन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. टब आला, पाणी आलं, कपाळ आलं. पण ते पुसणारे हात नीलचे होते. लांब, गोरे, निगा राखलेले हात. ओवेननं डोळे उघडले, पुन्हा मिटले. पुन्हा तेच. तो रंगमंचावर गेला, रुमालाची घडी घातली, आणि प्रेक्षागृहात कोणीतरी खोकलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. त्यानं आवाज चढवून पाहिला, कांदाही लावून पाहिला. कांद्याचं रडणं कांद्यासारखंच दिसतं.

त्यानंतर नव्या नाटकासाठी तो एका दिग्दर्शकापुढं उभा राहिला आणि जिवाच्या आकांतानं त्यानं तो प्रवेश केला. टब, बोटं, पाठ, फडकं. दिग्दर्शक कंटाळून म्हणाला, "हॅडली, ऑल्कॉटची नक्कल आज तुझ्याआधी तिघांनी केली. तुझं स्वतःचं काही आहे का?"

खोलीतलं खोलीत राहायचं होतं. ओवेन टोपी घेऊन खाली उतरला. त्यानंतर त्याच्या वाट्याला आले ते पोलीस, कारकून, पाद्री. दार ठोठावायचं, टोपी काढायची, निरोप सांगायचा आणि निघायचं. निरोप ऐकून रडायचं काम नेहमी दुसऱ्याला असायचं.

मिसेस झेल्डिन वारली तेव्हा तिच्या विद्यार्थ्यांनी एका थिएटरात सभा घेतली. नील उंटाच्या रंगाचा कोट घालून आला होता. लोक त्याला वाट करून देत होते. ओवेन आडवा उभा राहिला.

"नील, ती पाठ माझी होती."

नीलनं कानावर हात ठेवले नाहीत. "हो," तो म्हणाला. "तू कधी बोलतोस याचीच वाट बघत होतो मी."

"मग? मुलाखतीत म्हणालास, आतून आलं."

"आतूनच आलं. तूच घातलं होतंस आत. मी पहिल्या रांगेत होतो ओवेन, ते मी विसरू कसं? आणि तुझं नाव घेतलं असतं तर तू म्हणाला असतास, खोलीतलं बाहेर काढलं. म्हणजे दोन्हीकडून मीच चोर."

"भावाचं काम देणार होतास."

नीलनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुला समोर उभं करून मला ते करता आलं असतं का?"

म्हणजे शब्द टाकलाच नव्हता. इतकी वर्षं ओवेन निदान तेवढं तरी खरं धरून चालला होता. चोर तो चोर वर शिरजोर, आणि हे सगळं अशा गोड आवाजात की बघणाऱ्याला वाटावं, जुने मित्र गळ्यात गळा घालताहेत.

त्यानंतर ओवेननं नियम सोडला. खोलीच राहिली नव्हती तर नियम कोणाचा? आणि नेमकी तेव्हाच मिस प्रेंटिस नावाची बाई त्याला शोधत आली. ती नीलच्या आयुष्यावर पुस्तक लिहीत होती. ओवेननं तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मिस्टर हॅडली, राग मानू नका. एकजण म्हणतो नीलचं हसू माझं आहे, दुसरा म्हणतो चाल माझी. तुमचं मला खरं वाटतंय. पण हे दुसऱ्या कोणाला माहीत आहे?"

"माझ्या बहिणीला. ती पाणी आणून देत होती."

"त्यांनी सांगितलं तर मी छापीन. ठळक छापीन."

रविवारी दुपारी तिनं मिल्काच्या घरी फोन करायचं ठरलं. ओवेन सकाळची बस पकडून निघाला. साठीला आलेला माणूस, पण मांडीवर हात आपटत गाणं गुणगुणत होता. आता लोक म्हणणार होते, हा तो ओवेन हॅडली, ज्याचा बाप होता तो.

खाण केव्हाच बंद पडली होती. घरांची ओळ होती, चुऱ्याचा डोंगर अजून धुमसत होता. मिल्का स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. जाड झाली होती, गुडघे गेले होते. तिनं मान वर केली नाही.

"आलास? आई गेली तेव्हा तुझं पोलिसाचं काम होतं. आज कोण मेलं?"

"कोणी नाही. तुझ्याकडे काम आहे, मिल्का."

"ते दिसतंच आहे. बस. सूप खाणार?"

त्यानं सूप बाजूला सारलं आणि एका दमात सांगून टाकलं. नील, सिनेमा, ती बाई, येणारा फोन. "तुला फक्त एवढं सांगायचंय. तातोला मी धुतलं. शेवटी पाठ राहिली, तिथं मी हात थांबवला. तू पाणी आणत होतीस."

मिल्काची सुरी थांबली. "मी पाणी आणत होते?"

"चुलीवरून. बादलीनं."

"आणि तू धूत होतास. कशात?"

"टबात. चुलीसमोर, नेहमीच्या जागी."

"असं," मिल्का म्हणाली. तिनं सुरी ठेवली आणि एप्रनला हात पुसले. "ओंद्रो, मेलेलं माणूस टबात बसत नाही. लाकडासारखं असतं ते. त्याला आत आणलंच नव्हतं. मागं कोळशाच्या कोठीत दार काढून दोन लाकडी घोड्यांवर टाकलं होतं, त्यावर होता तातो. तू शेजारच्या सबोलांच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागं लपला होतास. मीच तुला हाताला धरून बाहेर काढलं. डोक्यात पिसं होती तुझ्या."

"खोटं. मला साबणाचा वास आठवतो."

"माझ्या हातांना येत होता तो. तुला कुशीत घेऊन झोपले होते मी."

नीलचे ते लांब गोरे हात ओवेनच्या डोळ्यांपुढं आले. ते बाजूला सारून तो आपले हात शोधायला लागला, आणि तिथं हातच नव्हते. विंगेतल्या त्या भिंतीपाशी शेकडो संध्याकाळी त्यानं जे हात पाहिले होते ते त्यानं स्वतःच बेतून घेतले होते. या धंद्यातल्या माणसालाच हे होऊ शकतं. घडलेलं आणि तालीम केलेलं यात त्याला फरक कळेनासा होतो.

"बरं, तू धुतलंस," शेवटी तो म्हणाला. "पण पाठीपाशी हात थांबला ना? आता आठवतंय, ते तर तूच मला सांगितलं होतंस."

"सांगितलं." मिल्का खिडकीतून बाहेर बघत होती. "तू कुशीत विचारलंस, तातोला पूर्ण धुतलं का? पाठसुद्धा? नऊ वर्षांच्या पोराला काय सांगणार होते मी? म्हटलं, हात तिथवर नेला रे, पण त्याला आवडायचं नाही ना, म्हणून थांबले, फडक्याची घडी घालून ठेवली. तू हसलास आणि झोपलास."

"मग खरं काय?"

"छत पाठीवर आलं होतं, ओंद्रो. वळवायला गेले तर सबोलबाईनं माझा हात धरला. पाठ नव्हतीच. पुढून तेवढा तातो होता."

सुपावर सायीसारखा पापुद्रा धरला होता. ओवेन त्याच्याकडे बघत राहिला.

"ते खोटं मी तुझ्यापुरतं केलं होतं," मिल्का म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "एका पोराला झोप यावी म्हणून. आईला सांगितलं नाही, कबुलीजबाबात पाद्र्याला सांगितलं नाही. माझं तेवढंच होतं. आणि तू ते घेऊन न्यूयॉर्कच्या लोकांपुढं मांडलंस, वर मला पाणक्या केलंस. बापाचं नाव टाकलंस, मरण मात्र ठेवून घेतलंस. तुझ्या त्या मित्राला कशाला नावं ठेवतोस? तुझ्याच घरून नेलं त्यानं. तू माझ्या घरून नेलंस."

"तुला हे आधीपासून माहीत होतं? मी तर आत्ता सांगतोय."

"सिनेमा गावात आला होता ना. सगळी ओळ गेली होती बघायला. त्यानं मेलेल्या माणसाला टबात बसवलं आणि माझ्या शेजारच्या बायका हसायला लागल्या. तिथं होतं त्यातलं कोणी असलं करणार नाही. आणि मग पाठीपाशी हात थांबला. तेव्हाच ओळखलं मी, हे ओंद्रोचं. खुराड्यामागच्या पोराचं." ती कडवट हसली. "हा घे तुझा पुरावा. सांग तुझ्या बाईला. टब चुकलाय, म्हणून ते तुझं."

फोन वाजला. भिंतीवरचा काळा फोन, मिल्काच्या डोक्याच्या वरच. ती उठली नाही. ओवेननं उठून उचलला.

"मिस्टर हॅडली? बहीण आहेत ना तिथं?" मिस प्रेंटिसचा आवाज उत्साहात होता.

"आहे."

"मग? तुम्हीच धुतलं होतं ना?"

जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून निरोप सांगितलेला तो माणूस. आज निरोप त्याच्या स्वतःच्या घरचा होता.

"नाही," तो म्हणाला. "मी तिथं नव्हतो."

"म्हणजे ते ऑल्कॉट यांचंच?"

मिल्का त्याच्याकडे बघत होती. तिनं मान हलवली. नको. तिचं नाव तिला कुठंच नको होतं.

"त्याचंच लिहा," ओवेन म्हणाला आणि फोन ठेवला.

तो परत येऊन बसला. मिल्कानं बटाटा उचलला, सोलायला घेतला. परतीची बस संध्याकाळची होती आणि मिल्का त्याला राहा म्हणाली नाही.

"एवढा राग आला होता तर थिएटरातून उठून का नाही गेलीस?" त्यानं शेवटी विचारलं.

"उठणारच होते." मिल्कानं मान खालीच ठेवली होती. "पण पुढच्या दिवशी पुन्हा गेले. सिनेमा गावात होता तोवर रोज गेले. बायका हसायच्या, मी बघायची. तुमच्या त्या सिनेमात तातोला पाठ होती रे."